सक्रिय ईआरके२ प्रथिनाची कुपी: डीप फ्रीझरपासून खात्रीच्या रिडिंगपर्यंत

दहा मायक्रोग्रॅम सक्रिय ईआरके२ (एटीपीवरचं फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं एन्झाइम, म्हणजे कायनेज) मागवलं, तर हातात येते ती तळाशी जेमतेम शंभर मायक्रोलिटर द्रव असलेली कुपी. नीट वापरली तर तिच्यातून हजारो वेल (चाचणीच्या प्लेटमधले छोटे खड्डे) निघतात. रोज वितळवून पुन्हा गोठवत राहिलात, तर आठवड्याभरात तिच्यातलं प्रथिन तेवढंच राहतं, पण त्याचं काम संपलेलं असतं. कुपीवर छापलेले मायक्रोग्रॅम म्हणजे वजन. प्रयोगाला लागते ती ॲक्टिव्हिटी, आणि ती तुमच्या बफरमध्ये, तुमच्या एटीपीवर, तुमच्या सब्स्ट्रेटवर (ज्यावर फॉस्फेट बसतं त्या प्रथिनावर) किती आहे हे तुम्हालाच मोजावं लागतं. इथे उदाहरण ईआरके२चं घेतलं आहे, पण बहुतेक सिग्नलिंग कायनेजना हीच पद्धत लागू पडते.

मागवण्याआधी

ईआरके२ हे एमएपीके१ जनुकाचं प्रथिन. माणसात त्याची ३६० अमिनो आम्लं, वजन ४२ किलोडाल्टनच्या आसपास. एमईके१ किंवा एमईके२ ही कायनेज त्याच्या थ्रिओनिन १८५ आणि टायरोसिन १८७ अशा दोन्ही जागांवर फॉस्फेट बसवतात, तेव्हा कुठे ते पूर्ण सक्रिय होतं. फॉस्फेट नसलेल्या ईआरके२च्या तुलनेत त्याच्या कामाचा वेग हजार पटींहून जास्त भरतो. म्हणून कॅटलॉगमधला ‘सक्रिय’ हा शब्द सगळ्यात आधी शोधायचा. निष्क्रिय प्रकार स्वस्त मिळतो, पण तो एमईकेचा सब्स्ट्रेट म्हणून किंवा बाइंडिंगच्या प्रयोगांसाठी असतो. एमबीपी या नेहमीच्या सब्स्ट्रेटवर तो काहीच करत नाही, आणि मग दोष किटला दिला जातो.

निष्क्रिय प्रथिनच हाताशी असेल तर ते सक्रिय करता येतं. १ मायक्रोमोलर ईआरके२, ५० नॅनोमोलर सक्रिय एमईके१, १० मिलिमोलर मॅग्नेशियम आणि १ मिलिमोलर एटीपी, ३० अंशांवर तासभर. मात्र त्या मिश्रणात एटीपी, एडीपी (एटीपीतलं एक फॉस्फेट गेल्यावर उरतं ते) आणि एमईके१ तसेच मागे राहतात. एडीपी मोजणारा ॲसे, म्हणजे चाचणी, करायचा असेल तर छोट्या डिसॉल्टिंग कॉलममधून काढल्याशिवाय ते वापरू नका, नाहीतर ब्लँकच, म्हणजे अभिक्रियेआधीचं रिडिंगच, आकाशाला भिडतो.

टॅगचाही, म्हणजे शुद्ध करणं सोपं व्हावं म्हणून प्रथिनाला जोडलेल्या तुकड्याचाही, विचार करा. जीएसटी टॅगमुळे २६ किलोडाल्टन वाढतात, म्हणजे जेलवर पट्टा ६८च्या आसपास दिसतो. जीएसटी स्वतः जोडीने राहतं, त्यामुळे त्याला जोडलेलं कायनेजही जोडीने वावरतं. साध्या इन्हिबिटर (एन्झाइमला अडवणारं संयुग) चाचणीत याने फारसं बिघडत नाही. पण पृष्ठभागावर बाइंडिंग मोजायचं असेल, स्फटिक करायचे असतील किंवा ईआरके२ची स्वतःची जोडी जमते का हे पाहायचं असेल, तर जीएसटी नकोच. हिस्टिडिन टॅग असलेलं किंवा टॅग काढलेलं घ्या.

अँटिबॉडी मागवताना आकड्यांवरून गोंधळ होतो. फॉस्फो-ईआरकेच्या बहुतेक अँटिबॉडींवर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ लिहिलेलं असतं. हे क्रमांक माणसाच्या ईआरके१चे. ईआरके२मध्ये त्याच जागा १८५ आणि १८७, आणि उंदराच्या कुळातल्या रॅटचं ईआरके२ असेल तर १८३ आणि १८५. अँटिबॉडी तिन्हींना ओळखते, कारण भोवतालचा क्रम सारखाच आहे.

भारतात मागवत असाल तर पार्सल पोचण्याचा वार आधी ठरवा. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांवर सरळ वायू होऊन उडून जातो, आणि कस्टममध्ये अडकलेल्या डब्यात तो कोणी आपणहून भरत नाही. गणपती किंवा दिवाळीच्या जोडसुट्ट्यांच्या तोंडावर ऑर्डर देऊच नये. डबा आल्या आल्या उघडून ड्राय आइस किती उरला आहे त्याचा फोटो काढा, कुपी गोठलेली आहे का ते पाहा आणि लॉट नंबर लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो फोटोच कामाला येतो.

वितळवणं आणि वाटणी

साठवणीचा बफर साधारण असा असतो: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर मीठ, थोडं डीटीटी, थोडं ईडीटीए आणि २५ टक्के ग्लिसरॉल. २५ टक्के ग्लिसरॉल असलेला द्रव उणे ८० अंशांवर घट्ट गोठतो. उणे २० अंशांवर तो अर्धवट गोठलेल्या अवस्थेत राहतो आणि प्रथिनाचं नुकसान तिथेच होतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर आणखी वाईट, कारण तो दिवसातून काही वेळा आपोआप गरम होतो.

कुपी बर्फावर वितळवा, हातात धरून नाही. वितळल्यावर काही सेकंद हलकं स्पिन करा. झाकणाच्या आत चिकटलेला एखादा थेंबही पाच-दहा मायक्रोलिटर भरतो, आणि शंभरातले दहा म्हणजे दहा टक्के माल. व्हॉर्टेक्स करू नका. कुपीच्या बुडाला बोटाने दोन-चार टिचक्या मारल्या तरी पुरतं.

वाटणी ५ मायक्रोलिटरची करा, लो-बाइंड ट्यूबमध्ये. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, म्हणून पाच मायक्रोलिटरमध्ये ५०० नॅनोग्रॅम. वेलमागे एक नॅनोग्रॅम लागलं तर एवढ्यात ३८४ वेलची एक प्लेट आरामात होते. यापेक्षा लहान वाटे करू नका: दोन मायक्रोलिटरमधलं बरंचसं प्रथिन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं. ग्लिसरॉलचा द्रव ओढताना टिपच्या बाहेरूनही पातळ थर वर चढतो, म्हणून टिप द्रवात जेमतेम एक मिलिमीटर बुडवा, हळू ओढा, बाहेर काढताना कडेला टेकवा. शंभर मायक्रोलिटरमधून वीस वाटे कधीच निघत नाहीत. अठरा-एकोणीस निघाले तर हात चांगला आहे. वाटे ताबडतोब ड्राय आइसवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला वाटा परत गोठवायचा नाही. दिवसअखेर उरलेलं फेकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

बफर आणि एटीपी

कायनेज बफरसाठी ५० मिलिमोलर हेपेस पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए, ०.०१ टक्के ब्रिज-३५ (डिटर्जंट). त्यात वापरायच्या दिवशी २ मिलिमोलर डीटीटी ताजं घाला. डीटीटी आधीच घालून महिनाभर ठेवलेल्या बफरमध्ये ते उरलेलंच नसतं. ब्रिज-३५ आहे म्हणून नॅनोमोलर प्रमाणातलं एन्झाइम प्लास्टिकला चिकटत नाही. ते नसेल तर ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए चालतं. दोन्ही नसतील तर सिरियल डायल्युशनच्या शेवटच्या ट्यूबमध्ये हिशोबापेक्षा खूपच कमी एन्झाइम असतं, आणि ग्राफ खालच्या टोकाला कारण नसताना वाकतो.

एटीपीच्या डायसोडियम मिठाचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. ते सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ पर्यंत आणल्याशिवाय बफरमध्ये टाकलं, तर जास्त एटीपीच्या वेलमध्ये पीएचच घसरतो आणि मग एटीपी वाढवलं की वेग कमी होतो अशी विचित्र वक्ररेषा मिळते. वजनावर विसंबू नका, कारण पावडर पाणी धरते. २५९ नॅनोमीटरला शोषण मोजा: १०,००० मायक्रोमोलरचा स्टॉक हजार पट पातळ केला की १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१५४ यायला हवं. एडीपी मोजणाऱ्या ॲसेसाठी अतिशुद्ध एटीपीच घ्या. साध्या किंवा जुन्या एटीपीत एक-दोन टक्के एडीपी सहज असतं, आणि आपल्याला मोजायचं असतं ते पाच-दहा टक्क्यांचं रूपांतर.

सब्स्ट्रेट म्हणून मायलिन बेसिक प्रोटीन, म्हणजे एमबीपी, ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. १८ किलोडाल्टनच्या हिशोबाने हे ११ मायक्रोमोलर होतं. ईआरके२ला सेरिन किंवा थ्रिओनिनच्या लगेच पुढे प्रोलिन लागतं. त्यामुळे पीकेए या दुसऱ्या कायनेजसाठी आणलेलं केम्पटाइड पेप्टाइड फ्रीझरमध्ये पडून आहे म्हणून वापरून पाहू नका. त्यात ते प्रोलिन नाही. एमबीपीची अडचण उलटी आहे: ते जवळजवळ कोणत्याही कायनेजला चालतं, म्हणून सिग्नल ईआरके२चाच आहे याची ग्वाही ते देत नाही. तपासणी कशी करायची ते पुढे येईल.

टायट्रेशन: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

टायट्रेशन म्हणजे किती एन्झाइम घालायचं ते पातळ्या बदलत शोधणं. आधी कागदावर हिशोब करा. समजा डेटाशीटवर ५०० नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे एका नॅनोग्रॅमकडून मिनिटाला अर्धा पिकोमोल. ५ मायक्रोलिटरच्या वेलमध्ये ५० मायक्रोमोलर एटीपी म्हणजे २५० पिकोमोल. तीस मिनिटांत एक नॅनोग्रॅम १५ पिकोमोल खाईल, म्हणजे सहा टक्के. दोन नॅनोग्रॅममध्ये बारा टक्के. आपल्याला दहाच्या आत राहायचं आहे, कारण त्यापुढे एटीपी कमी होत जातं, एडीपी साचतं, वेग सरळ रेषेत राहत नाही आणि इन्हिबिटर असतो त्यापेक्षा दुबळा भासतो. पन्नास टक्के रूपांतरावर घेतलेला आयसी५० (ॲक्टिव्हिटी निम्मी करणारं इन्हिबिटरचं प्रमाण) पाहायला सुबक असतो, पण चुकीचा असतो.

हा आकडा मात्र अंदाजापुरताच. कंपनीने तो बहुधा ३० अंशांवर आणि भरपूर एटीपीवर मोजलेला असतो. तुमच्या २५ अंशांच्या खोलीत, कमी एटीपीवर तो खाली येणार हे गृहीत धरा.

एडीपी-ग्लो पद्धतीने (तयार झालेलं एडीपी प्रकाशावरून मोजणारा किट) ३८४ वेलच्या पांढऱ्या, लो-व्हॉल्यूम प्लेटमध्ये क्रम असा:

१. ५ मायक्रोलिटरच्या वाट्यात बर्फावर १५ मायक्रोलिटर थंड बफर घाला. २५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर झालं. घातल्यावर ग्लिसरॉलच्या तेलकट लहरी दिसतात. त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत पिपेटने वर-खाली करा, फेस येऊ न देता.

२. यातून १० मायक्रोलिटर घेऊन पुढच्या ट्यूबमधल्या १० मायक्रोलिटर बफरमध्ये, असं निम्मं-निम्मं करत एकूण अकरा पातळ्या करा. दर वेळी टिप बदला. बारावी ट्यूब निव्वळ बफरची.

३. वेलमध्ये १ मायक्रोलिटर ५ टक्के डीएमएसओ असलेला बफर. इन्हिबिटरची जागा हीच. अंतिम डीएमएसओ १ टक्का होतो.

४. प्रत्येक पातळीचं २ मायक्रोलिटर एन्झाइम, तीन-तीन वेलमध्ये. म्हणजे वेलमागे ५० नॅनोग्रॅमपासून ०.०५ नॅनोग्रॅमपर्यंत.

५. २ मायक्रोलिटर सब्स्ट्रेट मिश्रण घालून सुरुवात करा: एटीपी १२५ मायक्रोमोलर, एमबीपी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. वेलमध्ये ते ५० आणि ०.२ होतात. प्लेट झाकून एक मिनिट हलकं स्पिन करा.

६. ३० मिनिटांनी ५ मायक्रोलिटर एडीपी-ग्लो रिएजंट. हे उरलेलं एटीपी संपवतं, त्यामुळे अभिक्रिया इथेच थांबते. खोलीच्या तापमानाला ४० मिनिटं.

७. १० मायक्रोलिटर कायनेज डिटेक्शन रिएजंट (हे एडीपीचं पुन्हा एटीपी करतं आणि ल्युसिफरेज एन्झाइम त्यातून प्रकाश काढतं), ३० मिनिटं, मग ल्युमिनेसन्स, म्हणजे तो प्रकाश, वाचा.

दोन्ही रिएजंट वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला पुरते येऊ द्या. थंड रिएजंट घातला की प्लेटच्या कडेचे वेल आणि मधले वेल वेगळे वागतात.

त्याच प्लेटवर एटीपी-एडीपीची स्टँडर्ड रेषाही हवी: एकूण न्यूक्लिओटाइड ५० मायक्रोमोलर ठेवून एडीपी ०, १, २, ५, १०, २०, ५०, १०० टक्के. तिच्याशिवाय ल्युमिनेसन्सचे आकडे टक्क्यांत येत नाहीत, आणि टक्के माहीत नसताना ‘सिग्नल मस्त आला’ या वाक्याला काही अर्थ नाही.

पाच ते दहा टक्के रूपांतर देणारी पातळी निवडली की त्याच पातळीवर १०, २०, ३० आणि ६० मिनिटांचा कोर्स करा. रेषा सरळ असेल तोवरचीच वेळ वापरायची. सुरुवातीला सरळ आणि वीस मिनिटांनंतर सपाट झाली, पण रूपांतर अजून पाच टक्केच, तर एटीपी संपलेलं नाही, एन्झाइम मरतं आहे. अशा वेळी बहुतेकदा ब्रिज-३५ राहून गेलेलं असतं किंवा डीटीटी जुनं असतं.

कोणते कंट्रोल टाळता येत नाहीत

एन्झाइम नसलेला वेल बहुतेक जण ठेवतात. सब्स्ट्रेट नसलेला ठेवत नाहीत, आणि तोच जास्त सांगतो. एमबीपी नसतानाही एडीपी तयार होत असेल तर ते कायनेजच्या ऑटोफॉस्फोरिलेशनचं (स्वतःवरच फॉस्फेट बसवण्याचं), एटीपी नुसतंच फोडण्याचं किंवा कुपीत सोबत आलेल्या दुसऱ्या एटीपेजचं काम असतं. हा आकडा एमबीपीच्या वेलच्या दहा टक्क्यांवर गेला तर लॉटकडे संशयाने पाहा.

सिग्नल ईआरके२चाच आहे हे पाहायला एससीएच७७२९८४ वापरा. या इन्हिबिटरचा ईआरके२वरचा आयसी५० एक नॅनोमोलरच्या घरात आहे. १ मायक्रोमोलर घातल्यावर जवळपास सगळी ॲक्टिव्हिटी जायला हवी. पंधरा-वीस टक्के मागे राहिली, तर कीटकपेशींतून किंवा बॅक्टेरियातून शुद्ध करताना दुसरं काहीतरी सोबत आलं आहे. युलिक्सर्टिनिबही चालतं. आणखी पक्कं हवं असेल तर के५४आर हे निकामी केलेलं ईआरके२ त्याच पद्धतीने शुद्ध करून शेजारी चालवा.

यू०१२६ किंवा पीडी९८०५९ इथे चालत नाहीत. पेशींमध्ये हे देऊन फॉस्फो-ईआरके नाहीसं होताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्यांना ‘ईआरके इन्हिबिटर’ म्हणायची सवय लागते. ते अडवतात एमईकेला. शुद्ध, आधीच सक्रिय केलेल्या ईआरके२च्या वेलमध्ये अडवायला एमईकेच नाही, त्यामुळे सिग्नल जसाच्या तसा राहतो आणि लोक कुपी खराब आहे म्हणून कंपनीला मेल पाठवतात.

नव्या संयुगांची चाचणी असेल तर ते संयुग ल्युसिफरेजलाच अडवत नाही ना, हेही पाहा. एन्झाइमऐवजी ५ मायक्रोमोलर एडीपी घातलेल्या वेलमध्ये संयुग टाका. तिथेही प्रकाश कमी झाला तर तो ‘हिट’ वहीतून खोडून टाका.

आयसी५० घेताना

ईआरके२चा एटीपीसाठीचा केएम (निम्मा वेग देणारं एटीपीचं प्रमाण) बफर आणि सब्स्ट्रेटप्रमाणे साधारण ५० ते १५० मायक्रोमोलरच्या पट्ट्यात बदलतो. तो स्वतः मोजा आणि एटीपी तेवढंच ठेवा. मग एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या इन्हिबिटरचा आयसी५० हा केआयच्या (इन्हिबिटर एन्झाइमला किती घट्ट धरतो त्याचा आकडा) दुप्पट असतो आणि हिशोब सोपा होतो. पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असतं, म्हणून तिथे तोच इन्हिबिटर कितीतरी कमकुवत वाटणार, यात आश्चर्य नाही.

एन्झाइमच्या प्रमाणाच्या निम्म्यापेक्षा लहान आयसी५० मोजताच येत नाही. ५ मायक्रोलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम जीएसटी-ईआरके२ म्हणजे ३ नॅनोमोलर, म्हणून तळ १.५ नॅनोमोलर. एससीएच७७२९८४सारखं संयुग या तळाला टेकतं. तुमच्या तीन प्रबळ संयुगांचे आकडे सारखेच, दीड-दोन नॅनोमोलर, आले तर ती संयुगांची बरोबरी नाही, ॲसेचा तळ आहे. एन्झाइम कमी करून वेळ वाढवा. हळू बसणाऱ्या इन्हिबिटरसाठी एटीपी घालण्याआधी एन्झाइम आणि संयुग १५-२० मिनिटं एकत्र ठेवा.

किरणोत्सारी पद्धत

३२पी (किरणोत्सारी फॉस्फरस) वापरणारे अजून आहेत, आणि शंका मिटवायला ती पद्धत उत्तमच. भारतात त्यासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक संस्थेची) परवानगी लागते. अर्धायुष्य १४.३ दिवस, म्हणून एन्झाइम टायट्रेट झाल्यावरच लेबल मागवा. पी८१ या फिल्टर पेपरवर एमबीपी उत्तम चिकटतं. पेप्टाइड वापरायचं तर त्यावर किमान दोन बेसिक अमिनो आम्लं हवीत. एर्कटाइड या ईआरकेच्या पेप्टाइडच्या शेवटी एकच लायसिन आहे, त्यामुळे ७५ मिलिमोलर फॉस्फोरिक आम्लाच्या धुण्यात सिग्नलही धुऊन जातो. व्हॉटमनने पी८१ बनवणं बंद केलं आहे, तेव्हा पर्यायी पेपरवर धुण्याच्या वेळा नव्याने ठरवाव्या लागतात.

काही बिघडलं तर

सिग्नलच नाही: आधी मॅग्नेशियम पाहा. नमुन्यातून किंवा संयुगाच्या बफरमधून जास्त ईडीटीए आलं की मॅग्नेशियम त्याच्याकडे जातं. त्यानंतर फॉस्फो-अँटिबॉडीने २० नॅनोग्रॅमचा वेस्टर्न (जेलवरचं प्रथिन अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी) करा. पट्टा आहे पण ॲक्टिव्हिटी नाही, तर प्रथिन विस्कटलं आहे. पट्टाच नाही, तर निष्क्रिय प्रकार आला आहे.

तीन वेलमध्ये मेळ नाही: एक मायक्रोलिटर हाताने टाकताना असं होतंच. व्हॉल्यूम दुप्पट करा किंवा ९६ वेलवर या.

पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) मिसळला आणि ॲक्टिव्हिटी घसरली: लायसेटमधले फॉस्फेटेज ईआरके२वरचे फॉस्फेट काढत आहेत. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि व्हॅनाडेट घाला, पण डीटीटी भरपूर असलेल्या बफरमध्ये व्हॅनाडेट टिकत नाही हे ध्यानात ठेवा. शिवाय लायसेटमध्ये एटीपी खाणारे शेकडो एन्झाइम असतात, तिथे एडीपी मोजणं निरर्थक. फॉस्फो-एमबीपीचा वेस्टर्नच करावा.

लॉट बदलला की जुन्या लॉटचे दोन वाटे शिल्लक असतानाच नवा मागवा आणि दोघांचं टायट्रेशन एकाच प्लेटवर करा. नॅनोग्रॅम जुळवू नका, रूपांतराचे टक्के जुळवा. जुन्याचं एक नॅनोग्रॅम आणि नव्याचं ०.६ सारखं काम करत असेल, तर पुढच्या सगळ्या प्लेटमध्ये ०.६ घाला आणि डेटाच्या फाइलमध्ये लॉट नंबरसाठी वेगळा रकाना ठेवा.